सोनलच्या फोटोखालचं वाक्य

"तुला या टीममध्ये का यायचंय?" मार्कसने विचारलं.

मार्कस युनिव्हर्सिटीच्या सिंथेटिक बायॉलॉजी टीमचा कॅप्टन होता. जिवाणूंच्या आतली यंत्रणा बाहेर काढायची आणि तिच्याकडून आपल्याला हवं ते काम करून घ्यायचं, हा या विद्यार्थ्यांचा उद्योग. दरवर्षी ते असा एक प्रोजेक्ट तयार करून स्पर्धेत मांडत.

"मेडिकल स्कूलला अर्ज करायचा तर रिसर्च लागतो," हिमानी म्हणाली. ती बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बहुतेक मुलं हेच उत्तर देत. तिला घेतलं.

खरं कारण तिची थोरली बहीण होती. सोनल नागपुरात जन्मली ती सिकलसेल घेऊनच. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटतील अशा कळा येतात. आई आणि बाबा दोघंही या आजाराचे वाहक होते. स्वतःला काहीच त्रास नसल्यामुळे सोनल आजारी पडेपर्यंत त्यांना ते ठाऊकच नव्हतं. पुढे बाबांना, म्हणजे विवेकना, नोकरी मिळाली आणि सगळे टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आले. हिमानीचा जन्म इथलाच. तिला आजार नव्हता.

सोनल गेली त्या हिवाळ्यात तिच्या छातीत कळा सुरू झाल्या होत्या. इमर्जन्सीतल्या नर्सला तिचं दुखणं पटेना. "इंडियन लोकांना सिकलसेल असतो?" असं तिने दोनदा विचारलं; अमेरिकेत हा आजार कृष्णवर्णीयांचाच समजतात. मग धावपळ झाली, ऑक्सिजन लावला, पण आठवड्याच्या आत सगळं संपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले आणि त्यानंतर रुपालीने, आईने, घरात सोनलचं नाव घेणं बंद केलं. दुसऱ्या कुणी घेतलं की ती उठून आत जायची.

टीमने प्रोजेक्टसाठी कल्पना मागवल्या तेव्हा हिमानीने सिकलसेल सुचवला. जिवाणूंमधली यंत्रणा लावून वाळवलेली कागदाची एक पट्टी असेल, तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा. सदोष जनुक असलं तर पट्टी जांभळी होईल. लॅब नसलेल्या गावातही चालेल अशी.

"पण याच्या टेस्ट आहेत की आधीपासून," केलेब म्हणाला. तो हुशार होता आणि प्रेझेंटेशन तोच बनवायचा.

"आहेत. सगळीकडे पोचत नाहीत." हिमानी म्हणाली. "माझी बहीण गेली यात."

तिचीच कल्पना निवडली गेली. बहिणीचा फोटो देशील का, असं केलेबने नंतर संकोचून विचारलं. तिने दिला.

स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी ती घरी आली होती. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून स्लाइड्स बघत होती. रुपाली चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच थबकली. स्क्रीनवर सोनल होती, कॉलेजच्या पहिल्या दिवशीची, पाठीला निळी बॅग लावून हसणारी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : लग्नाआधी ही टेस्ट मिळाली असती, तर हा मृत्यू टळला असता.

रुपालीने ते सावकाश वाचलं. "म्हणजे काय?"

"आई, ते केलेबने लिहिलंय. मी अजून चेक नाही केलं."

"म्हणजे काय ते सांग."

"दोघंही वाहक आहेत हे आधी कळलं तर... कपल्स विचार करू शकतात."

"कसला?"

"लग्नाचा. किंवा मुलाचा."

रुपालीने कप टेबलवर ठेवला. "म्हणजे आम्हाला कळलं असतं तर सोनल झालीच नसती. मग मृत्यू टळला कसा म्हणता? तीच टळली असती."

इतके महिने हिमानी लॅबमध्ये त्या पट्टीपाशी वाकून होती, पण हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बावीस वर्षं होती ती," रुपाली म्हणाली. "दुखायचं तेव्हा रडायची, बाकी वेळ घर डोक्यावर घ्यायची. ते सगळं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं तुला?"

"नाही गं आई!" हिमानीला रडू फुटलं. "मला एवढंच वाटतं की मी कामाची नव्हते. ताईला बरं करायला बोन मॅरो हवा होता, म्हणून माझं रक्त तपासलं, आठवतंय? सगळे म्हणत होते, सख्खी बहीण आहे, जुळेल. नाही जुळलं. ताई हसली, म्हणाली, बरं झालं, नाहीतर मी तुझ्यासारखी बडबडी झाले असते. पण मी तिच्यासाठी एवढंच करू शकत होते आणि तेही झालं नाही. म्हणून गेले त्या टीममध्ये. काहीतरी करायचं होतं, आई. एवढंच."

रुपालीने कप पुन्हा उचलला. तो घेऊन ती आत गेली.

सोमवारी हिमानीने ते वाक्य काढायला सांगितलं.

"जजेसना हेच हवं असतं," केलेब म्हणाला.

"माझ्या मामेबहिणीला सिकलसेल आहे," मार्कस मध्येच म्हणाला. "मलाही ते वाक्य खटकलं होतं. बोललो नाही. काढ ते."

त्याजागी त्यांनी लिहिलं की जन्मल्याबरोबर कळलं तर बाळावर वेळेत उपचार सुरू होतात. फोटोही हटवला; तो हिमानीने स्वतः हटवला.

स्पर्धेत काही मिळालं नाही. लॅबमध्ये बनवलेल्या डीएनएवर पट्टी नीट चालायची, पण खऱ्या रक्तावर रंग कधी यायचा, कधी नाही. परतताना विमानात बाकीचे पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टबद्दल बोलत होते. हिमानी खिडकीकडे तोंड करून बसली.

एअरपोर्टवर बाबा येणार होते. आली रुपाली, एकटीच. बॅग डिकीत टाकून दोघी गाडीत बसल्या. रुपालीने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली.

"ती झाली तेव्हा तुझे बाबा पुण्यात होते," ती समोर बघत म्हणाली. "दवाखान्यात आजी आणि मीच. नर्सने तिला माझ्या हातात दिलं, तर डोळे टक्क उघडे. रडेच ना. आजी घाबरली. मी म्हटलं, अहो, बघतेय ती, बघू द्या..."

ती सांगत राहिली. सोनलचं पहिलं पाऊल, मग पहिलं दुखणं, मग शाळा. मागे कुणीतरी पार्किंगच्या जागेसाठी हॉर्न वाजवला आणि कंटाळून निघून गेलं. हिमानीने आईचा हात धरला आणि ऐकत राहिली.