येऊन गेलेला आजार

चंपाकाकूच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा आला ८६. बोट पुसून पुन्हा लावलं, तर ८५.

"किती गो?" काकूनं धापा टाकत विचारलं.

"बरा आहे," मी म्हणाले. सरकारी 'आशा' आरोग्यसेविका म्हणून कापडे गावात नऊ वर्षं फिरले, पण इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलले.

आमच्याकडे रीत आहे. गोवर-कांजिण्यांची साथ आली, की ज्याला त्या येऊन गेल्यात त्यानं आजाऱ्यापाशी बसायचं. काकूला आदल्या वर्षी कोरोना झाला होता. म्हणून एकवीस सालच्या एप्रिलात शेजारचा हैबती मुंबईहून फणफणत आला, तेव्हा तीच पेज घेऊन त्याच्या खोलीत शिरली. "माला येऊन गेलाय. आता काय करतोय मेला! खरा ना गो निशिगंधा?"

मी मान डोलावली होती. हैबती उठला आणि काकू पडली.

पोलादपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हा विषाणू शरीरात शिरला की स्वतःच्या नकला काढतो. त्यात चुका होतात. बहुतेक वाया जातात, पण एखादी त्याच्या फायद्याची निघते. मग गेल्या वर्षी झालेल्यांचं शरीरही त्याला नीट ओळखत नाही."

"म्हणजे मलाही पुन्हा होईल?"

"होऊ शकतो. नुकत्याच उठलेल्याचीही खात्री देता येत नाही. जपा."

मलाही आदल्या वर्षी झाला होता. त्याच जोरावर मी घरोघर हिंडत होते. घरी माझी लेक श्रिया, चार वर्षांची.

रुग्णवाहिका आली. ड्रायव्हरनं विचारलं, "सोबत कोण?" दारांतली माणसं आत सरकली. काकूला मूलबाळ नाही. माझा पाय उचलेना.

"मी जातो." हैबती काठी टेकत आला. अंगात अजून त्राण नव्हतं. "तिनं माझा सगला केलान. आन् माला तर आताच येऊन गेलाय. आता काय व्हनार नाय ना गो ताई?"

डॉक्टरांचे शब्द ओठांवर आले होते. ते मी बोलून टाकले असते, तर मलाच गाडीत चढावं लागलं असतं.

मी मान डोलावली.

गाडी वळणाआड गेली. मी ते यंत्र पुसलं आणि माझ्या बोटाला लावलं. आकडा आला ९८. हायसं वाटलं, आणि त्याची फार लाज वाटली.