काचेला कळता कामा नये

"सूनबाई, गियर असा बदल, की काचेला कळता कामा नये."

मामंजींनी मला पिकअप शिकवायला घेतली तेव्हाचं हे पहिलं वाक्य. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी दुसरं फारसं काही सांगितलंच नाही.

आमचा धंदा काचेचा. कापायचं काम आमच्या ह्यांचं, ऑर्डरी घेण्याचं भाऊजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं, आणि काच गिऱ्हाइकाच्या घरी नेण्याचं माझं. पिकअपच्या मागच्या बाजूला एक लाकडी घोडी असते. तिच्या दोन्ही उतारांवर काचा टेकवून दोरीनं बांधायच्या. मामंजी त्या घोडीवर कापून उरलेली एक पट्टी नुसतीच टेकवून ठेवत. तीन बोटं रुंद, हातभर उंच, दोरी नाही की काही नाही. बाजारातून, पाण्याच्या टाकीच्या चढावरून फेरी मारून परत यायचं. पट्टी उभी राहिली तर चहा ते करणार, पडली तर मी. दोन महिने चहा मीच केला.

मग एके दिवशी मला माप सापडलं. क्लच दाबला की मनात देवाचं नाव एकदा घ्यायचं, सावकाश, पूर्ण. त्या नावाच्या आत गियर बदलायचा आणि ते संपता संपता पाय सोडायचा. त्या दिवशी पट्टी जागची हलली नाही. मामंजींनी चहा केला, साखर घालायला विसरले, आणि मी तो अमृतासारखा प्यायले. तेव्हापासून माझं सकाळचं मौन सुरू झालं: उठल्यापासून पहिली काच गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत तोंडातून शब्द नाही. काही सांगायचंच असेल तर मेणाच्या खडूनं काचेच्या तुकड्यावर लिहिते. ह्यांना माझं हे व्रत फार आवडतं. दिवसभराचं का घेतलं नाहीस, असंही विचारतात.

मामंजी गेले. यंदा त्यांची पिकअपही गेली, सांगाडाच गंजला होता. तिच्या गियरची दांडी स्टिअरिंगलगत होती. नवीन गाडीत तसलं काही मिळत नाही म्हणे. भाऊजी आठवडाभर माहितीपत्रकं चाळत होते.

"वहिनी, ऑटोमॅटिक घेऊ. क्लच नाही, दांडी नाही, कटकट नाही. कुणीही ड्रायव्हर ठेवला तरी चालवेल. तुम्ही आता दुकानात बसा, पंख्याखाली. किती वर्षं ती ओझी वाहणार?"

म्हणाले मायेनंच. पण मी ती माहितीपत्रकं मिटून बाजूला ठेवली.

"आणि बाईंची काच?" मी विचारलं.

"ती दोन तुकड्यांत बसवू. सात फुटांची अख्खी काच त्या वळणांवरून कोण नेणार? ठेवलेला ड्रायव्हर तर हातच लावणार नाही."

बाई म्हणजे ह्या दोघा भावांच्या शाळेतल्या बाई. टाकीच्या मागच्या टेकडीवर एकट्या राहतात. घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, दीड महिना दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "आता पडूनच राहायचं गं. घरी पलंगासमोर खिडकी आहे, पण तिची मधली आडवी पट्टी झोपल्यावर नेमकी डोळ्यांसमोर येते. माणसं येताना दिसतात ती अर्धी वर, अर्धी खाली." मी त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "बाई, तुम्ही घरी याल त्या दिवशी तिथे अख्खी काच असेल. मी स्वतः आणीन."

त्या घरी यायच्या दिवशीच सकाळी सातला भाऊजींनी दोन गाड्या बघायला बोलावल्या. सात ही वेळ त्यांनी का निवडली ते मला ठाऊक होतं. सातला मी बोलत नाही.

विक्रेता तरुण, चुणचुणीत. दोन्ही पिकअप, भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे मागे घोडी बसवलेल्या, अंगणात उभ्या केल्या. एक ऑटोमॅटिक. तिला दांडीच नव्हती, दोन सीटांच्या मध्ये एक गोल बटण होतं, फिरवायचं. आमच्या ह्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

"ही तर शेगडी दिसतेय. हिच्यावर दूध तापवायचं का?"

"दादा, तू काचेत लक्ष घाल," भाऊजी म्हणाले.

दुसरी साधी. खालून वर आलेली लांब दांडी, पाच गियर, टोकाला काळा गोळा.

विक्रेता माझ्याकडे वळला. "मॅडमना काय वाटतं?" मी हात जोडून हसले. तो भाऊजींना हळूच म्हणाला, "घाबरल्यात वाटतं. होतं असं बायकांचं."

आमचे हे खोकले. मी कोठीतून दोन काचेच्या पट्ट्या आणल्या आणि एक ऑटोमॅटिकच्या घोडीवर टेकवली. भाऊजींचा चेहरा बदलला. ती पट्टी त्यांनीही वडिलांच्या हाताखाली शंभर वेळा पाडली होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "होऊन जाऊ दे."

ते निघाले आणि बाजाराच्या तोंडाशी पोचायच्या आतच टण् असा आवाज आला. परत आले. "ब्रेक जरा कडक आहे."

मी खडूनं तुकड्यावर लिहिलं, "ब्रेक नाही, पाय."

आता माझी पाळी. दुसरी पट्टी टेकवून तीच ऑटोमॅटिक मी घेतली. खोटं कशाला बोलू, बाजारात ती फार गुणी वाटली. हातगाड्यांच्या गर्दीत डावा पाय नुसता आरामात. रोज एवढंच चालवायचं असतं तर मी तिलाच हार घातला असता. पण टाकीच्या चढावर वळण आलं, आणि ऐन वळणात तिनं आपल्या मनानं गियर बदलला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. माझ्या मनात सवयीनं घेतलेलं नाव निम्म्यावर होतं. मागे टण्.

परत आले तेव्हा भाऊजींनी तुकडे मोजले. "बघा, वहिनींच्या हातूनही पडली! म्हणजे गाडीचा दोष नाही. अख्खी काच कशानंच जाणार नाही. बाईंची दोन तुकड्यांत कापू या, दादा, घे मोजपट्टी."

ह्यांनी काच कापायचा हिरा हातात घेतला. बाईंची काच टेबलावर पडून होती, सात फूट बाय पाच, स्वच्छ, तिच्यात सगळं छप्पर दिसत होतं. मी टेबलाच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि तिच्याच कोपऱ्यावर खडूनं लिहिलं, "थांबा. दुसरी गाडी राहिलीय."

ह्यांनी वाचलं, हिरा खिशात टाकला. "कोपरा पुसून दे फक्त," म्हणाले.

तिसरी पट्टी आणून मी लांब दांडीच्या गाडीच्या घोडीवर टेकवली. भाऊजी शेजारी येऊन बसले, साक्षीला. दांडी नवीन होती, दुसऱ्या गियरला जरा अडत होती, पण गोळा तळहातात नीट बसला. कुठला गियर पडलाय ते हाताला कळत होतं, खाली बघायची गरज नव्हती, नजर आरशातल्या पट्टीवर ठेवता येत होती. बाजार गेला. भाऊजी सुरुवातीला दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते. मग त्यांना कोणीतरी ओळखीचा दिसला, मग बाईंच्या शाळेतली एक गोष्ट आठवली, ती सांगत बसले. टाकीचा चढ आला. वळणाच्या आधीच क्लच, नाव, दुसरा. गाडी त्याच गियरवर, एका दमात, वर. टाकीला वळसा घालून उतरलो.

अंगणात शिरलो तरी गोष्टीच्या नादातच भाऊजी म्हणाले, "वहिनी, चढ येईल तेव्हा सांगा हं, म्हणजे दुसऱ्यावर कधी टाकता ते मी बघतो."

मी गाडी थांबवली आणि मागे बोट दाखवलं.

पट्टी उभी होती.

भाऊजी खाली उतरले, घोडीजवळ गेले, पट्टीला बोट लावून पाहिलं. मग मोठ्यानं हसले, अगदी मामंजींसारखे.

"चढ गेला कधी? अहो, काचेचं सोडा, मलाच कळलं नाही!"

विक्रेता पुढे झाला. "सर, ऑटोमॅटिकवर सध्या—"

"शेगडी घेऊन जा," भाऊजी म्हणाले. "ही ठेवा. आणि ड्रायव्हरही ठरला आमचा, जुनाच." मग माझ्याकडे न बघता आत गेले. थोड्या वेळानं चहा आला. त्यांनी स्वतः केलेला. साखर दुप्पट.

विक्रेत्यानं कागदावर सह्या घेतल्या, किल्ली माझ्या हातात दिली आणि चाचरत विचारलं, "मॅडम बोलत नाहीत का?"

"बोलते," हे म्हणाले. "दुपारी येऊन बघा."

दोघा भावांनी मिळून बाईंची काच उचलली, घोडीवरच्या जाड लोकरी नमद्यावर टेकवली आणि चार ठिकाणी बांधली. भाऊजींनी प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. "बाई दहाला पोचतायत. फोन करून सांगू का, की अख्खी येतेय?"

मी मान हलवली. नको.

मग मी कोपऱ्यावरचा खडू पदरानं पुसला, आत बसले, आरसा नीट केला. आरशात काच, काचेत आमचं अंगण आणि त्यात उभे दोघे भाऊ. क्लच दाबला, नाव घेतलं, पहिला टाकला, आणि टेकडीच्या रस्त्याला लागले.