पुढची सीट

नवऱ्याला अरे म्हणायचं म्हंजे काय पाप हाय का? असंल तर ते पाप मी रोज दुपारी केलं. माहेरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत केलं. पण आधी सगळं सांगते, न्हाईतर तुम्ही बी माझ्या मायसारखं काहीतरी भलतंच धरून बसाल.

माझं नाव शिवकन्या. माहेर टेंभुर्णीचं, घर जालन्यात. आमचे हे, म्हंजे भारत, लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातात. माणूस लाखात एक, पण बोलायला कंजूस. लग्न झाल्यावर महिनाभर मला वाटायचं, ह्यांच्या तोंडात काय मूग भरून ठेवलेत का काय. पाळीवरून यायचे, हातपाय धुवायचे अन् कानाला हेडफोन लावून मोबाईलवर हेलिकॉप्टरचा गेम खेळत बसायचे. लई राग यायचा मला. एकदा म्हणलं, "अहो, हेलिकॉप्टरशीच लग्न लावायचं होतं ना."

तर हे हसले अन् म्हणले, "त्यात पुढची सीट रिकामी हाय. येतीस का?"

दुसऱ्या दिवशी माझ्या बी मोबाईलवर तोच गेम आला.

ते लढाईचं हेलिकॉप्टर दोघांचं असतं. पायलट मागं बसतो, जरा उंच. पुढं मिसाईलवाला. ती मी. लोकांना वाटतं मिसाईल सोडलं की झालं. काही झालं न्हाई, खरं काम तिथून पुढं. खालच्या रणगाड्यावर लेसरचा ठिपका धरून ठेवायचा. मिसाईल त्या ठिपक्याच्या मागं जातं. ठिपका हलला की मिसाईल गेलं वाळूत. अन् तोवर पायलटनं हवेत एका जागी थांबायचं, खालून गोळ्या येऊन राह्यल्या तरी. त्यानं जागा सोडायची न्हाई अन् मी नजर काढायची न्हाई. हे विचारायचे, "धरलं का?" मी म्हणायची, "धरलं." एरवी दिवसभर चार शब्द न बोलणारा माणूस, हेलिकॉप्टरात मातर बोलायचा. आज कारखान्यात काय झालं, डब्यातली भाजी कशी होती, लहानपणी विहिरीत कसे पडल्ते, सगळं मला तिथं हवेत समजलं.

आता अरेचं सांगते. पहिल्या दिवशी मी म्हणलं, "अहो, जरा डावीकडं घेता का?" एवढं म्हणेस्तोवर हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं. दुसऱ्यांदा बी तसंच. मंग ह्यांनीच ठरवलं, वर असलं की अरे-तुरे, खाली उतरलं की अहो. सासूबाईंची मालिका मोठ्या आवाजात लागली की आमचं उड्डाण. वर मी म्हणणार, "अरे गाढवा, उंच घे," अन् खाली उतरून पदर सारखा करून म्हणणार, "अहो, चहा ठेवू का?" सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सून गुणाची हाय.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. ओटी भरली अन् अण्णांनी मला टेंभुर्णीला आणलं. अण्णांची पिठाची गिरणी हाय, घराच्या खालीच. माहेर म्हंजे सुखच, पण नवऱ्याचा फोन आला की माय बाजूला येऊन बसायची अन् अण्णा हातातला पेपर खाली ठेवायचे. "जेवलीस का?" "जेवले." "गोळ्या घेतल्या का?" "घेतल्या." खलास. मंग मी म्हणायची, "ठेवते."  मला ते पाहिजे होते, त्यांचा आवाज पाहिजे होता, अन् गोळ्यांचा हिशोब घेऊन मी काय करू?

म्हणून दुपारची गच्ची, गेम लांबून बी जोडीनं खेळता येतो ना. ह्यांची पहिली पाळी सुटायची अन् खाली गिरणीचा पट्टा फिरायचा. त्या घरघरीत मी घसा ताणून बोलले तरी कोणाला ऐकू येत न्हव्हतं. गच्चीवर मायच्या कुरडया वाळत घातलेल्या. मी त्या राखायच्या नावाखाली वर. आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी, दुसरं काय.

एक दिवस ह्यांचा आवाज लई खुशीत होता. म्हणले, "नवीन मिसाईल मिळालं."

"कसलं?"

"रडारवालं. ह्याला धरून बसायची गरज न्हाई. सोडलं की आपलं आपण जातं. डोंगराच्या मागून सोडायचं अन् निघायचं."

 मी म्हणलं, "म्हंजे ठिपका धरायला कोणी लागत न्हाई?"

"न्हाई. एकट्यालाच जमतं."

किती सहज म्हणले.  एकट्यालाच जमतं म्हणे. मी इथं पाय सुजवून, कडक उन्हाच्या वेळी, ह्यांच्यासाठी ठिपका धरून राह्यले अन् ह्यांना एकट्याला जमायला लागलं. पण ते मी बोलले न्हाई. बोलले ते असं, "आज जुनंच सोडू. अरे, हलू नको. तिथंच थांब. मी धरलंय ना, मंग भितो कशाला? मला सोडून जायचं न्हाई, सांगून ठेवते."

अन् नेमकी लाईट गेली. गिरणी बंद पडली. सगळ्या गल्लीत माझा एकटीचा आवाज.

मागं वळून पाहते तर माय. हातात कुरडयांची पाटी, तोंड पांढरं पडलेलं.

"कोण हाय गं तो?"

"हे हायेत."

"नवऱ्याला कोणी अरे म्हणतं का? मला शिकवतीस?"

मी सांगितलं. हेलिकॉप्टर सांगितलं, लेसर सांगितलं, ठिपका सांगितला. जेवढं सांगावं तेवढं ते खोटं वाटायला लागलं. माझं मलाच वाटायला लागलं. शेवटी चिडून म्हणलं, "विश्वास न्हाई ना? मंग जावयालाच विचार." तर माय म्हणली, "असं विचारायचं असतं का जावयाला? अब्रू जाईल." बरोबरच हाय, जावयाला कोण विचारणार? तोवर अण्णा गिरणीतून वर आले. त्यांनी मोबाईल घेतला अन् कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. माझे अण्णा, ज्यांनी कधी मला अगं सुद्धा जोरात म्हणलं न्हाई. रडायला आलं, पण मी रडले न्हाई. तोंडाची तिखट हाय मी, रडणं मला लवकर जमत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी सुरू झाली अन् माझा जीव वर गच्चीवर. आता पाळी सुटली असंल. आता हेडफोन लावला असंल. माझी वाट पाहतील का? का नवीन मिसाईल भरून निघाले असतील एकटेच? अण्णांच्या फोनवर ह्यांचा फोन आल्ता. अण्णा म्हणले, बरी हाय, झोपली हाय. झोपली कसली, मी तिथंच दाराआड उभी. वाटलं, जाऊ दे. ज्याला एकट्याला जमतं त्याला कशाला आपलं ओझं. पोटातलं लेकरू लाथा मारून राह्यलं अन् मी त्याच्यावर बी खेकसले.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापत होते तर जिन्यात चपलांचा आवाज. माय दाराकडं गेली अन् तशीच मागं फिरली, डोक्यावर पदर ओढत. "अगं बया, पाहुणे."

जावई असा येतो का? न सांगता, न बोलावता, वार न पाहता. घरात गोडाचं काही न्हाई, भाजीला वांगी सुद्धा न्हाईत. अन् हे दारात उभे, कारखान्याचाच शर्ट अंगात, हातात स्टँडवर घेतलेली केळी.

अण्णांनी पाणी दिलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हाताला पीठ तसंच. रीतीप्रमाणं मी पुढं जायचं न्हाई. बराच वेळ अण्णा पाऊसपाण्याचं बोलले. मंग घसा साफ केला.

"पाहुणे, एक विचारू का? राग मानू नका. आमची शिवा मोबाईलवर कोणाला तरी अरे म्हणत होती. ती म्हणते, तुम्हालाच."

 मला ह्यांचे फक्त कान दिसत होते, लालभडक झालेले. मी म्हणलं, संपलं आता. सासऱ्यासमोर कोणता गडी कबूल करंल, की माझी बायको मला अरे म्हणते? 'मला काय माहीत' एवढं जरी हे म्हणले असते तरी त्यांचं काही गेलं नसतं. माझं सगळं गेलं असतं.

"मलाच म्हणते, मामा," हे म्हणले. "गाढव बी म्हणते."

माय मटकन खाली बसली.

"मीच सांगितलंय तसं म्हणायला. अहो म्हणण्यात वेळ जातो अन् हेलिकॉप्टर पडतं."

अण्णांनी ह्यांच्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. मंग त्यांचं पोट हलायला लागलं अन् ते असे हसले, की खाली गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाया वर पाहायला लागल्या. मायनं हसू दाबत ह्यांना ताट वाढलं, पिठलं-भाकरी, वर मिरचीचा ठेचा. चारची बस होती, दुसऱ्या दिवशी पाळी. निघताना मी दारापर्यंत गेले. माय बाजूला, अण्णा बाजूला. हे म्हणले, "गोळ्या घेतल्या का?" मी म्हणलं, "घेतल्या." अन् गेले. एवढ्या लांबून आले अन् एवढंच बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी मायनंच मोबाईल आणून दिला. म्हणली, "म्हण काय म्हणायचं ते, पण हळू म्हण. गल्लीला जावई गाढव हाय म्हणून कळायला नको."

गच्चीवर गेले. हेडफोन लावला. हे आलेले होतेच. वर गेलो. मी खाली पंखाकडं पाहिलं तर तीच जुनी मिसाईलं लावलेली, लेसरवाली.

"अरे, नवीन का न्हाई भरलं?"

"भरलं होतं. तू न्हव्हतीस तव्हा."

"मंग? लागलं का न्हाई?"

"लागलं. बराबर लागलं." हे थांबले. खालून गोळ्या यायला लागल्या होत्या, तरी हेलिकॉप्टर जाग्यावर. "मागून मला तुझी सीट दिसती ना. ती रिकामी होती. लागलं म्हणून सांगायला गेलो तर पुढं कोणीच न्हाई. लई कसंतरी झालं. मंग सकाळी बस धरली."

मला समोरचं काही दिसंना. रणगाडा कुठं गेला, ठिपका कुठं गेला, कशाचा पत्ता न्हाई.

"धरलं का?" हे म्हणले.

"न्हाई," मी म्हणलं. "थांब जरा. डोळे पुसते."

"पूस," हे म्हणले, अन् तिथंच थांबले.