फळ्यावरचं 'अस्सल'

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. शेगडीपाशी जायची, कांदे हलवायची, दारात येऊन रस्ता बघायची, की परत आत. आठ टेबलांचं एवढंसं बिस्ट्रो, म्हणजे फ्रेंच धाटणीची छोटी खानावळ, पण आज ती तिथल्या तिथंच दोन कोस तरी चालली असेल.

कारण मामा येणार होते. मामांनी फ्रान्समधल्या एका खानावळीत तीस वर्षं चूल सांभाळली होती आणि परत आल्यावर भाचीला हाताला धरून सगळं शिकवलं होतं. बिस्ट्रो काढून तिला तीन वर्षं झाली, पण मामा दुसऱ्या गावी. आज पहिल्यांदाच इथं जेवणार होते.

दारातल्या फळ्यावर नवऱ्यानं मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'अस्सल फ्रेंच जेवण, खिशाला परवडणारं'. परवडण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. 'अस्सल' मात्र तिला टोचायचं. तिनं फ्रान्स पाहिलेला तो नकाशातच. एखाद्या गिऱ्हाइकानं चमचा जरा जास्त वेळ तोंडात धरला, की हिचा जीव खालीवर. शेवटी तिनं घरात जाहीर करून टाकलं होतं आणि मामांनाही फोनवर कळवलं होतं, की मामा हो म्हणाले तर तो शब्द राहील, नाहीतर मी माझ्या हातानं पुसेन.

"अगं, बस जरा," नवरा म्हणाला. "मामाच येतायत, पोलीस नाही."

"तुला काय जातंय बोलायला!"

कांद्याचं सूप हा तिथला रोजचा पदार्थ. तासभर मंद आचेवर परतलेला कांदा, हाडं उकळून काढलेलं पाणी, वर कालचा उरलेला पाव भाजून आणि थोडं चीज किसून. पण मामांपुढे शिळा पाव कसा ठेवायचा? म्हणून आज तिनं ताजा पाव आणला, महागातलं चीज आणलं, आणि वर वाटीभर क्रीम ओतलं.

भांडी घासणारी नणंद डोकावून म्हणाली, "वहिनी, हे सूप आहे की वाढदिवसाचा केक?"

"तू तुझी भांडी बघ."

मामा आले, बसले. दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. पावाचा पार लगदा झाला होता.

"रोज हेच देतेस?"

रोजचं तर याहूनही साधं, ते कुठल्या तोंडानं सांगणार?

"हो मामा. रोज हेच."

"मग पूस तो शब्द."

तिला रडू येत होतं आणि मामांचा रागही येत होता. तिनं ओलं फडकं उचललं आणि दाराकडे निघाली.

तेवढ्यात नणंद साबणाच्या हातांनीच बाहेर आली. "कसलं रोज हेच! वहिनी धडधडीत खोटं बोलतेय. रोजचं हे घ्या." तिनं स्वतःच्या जेवणातला अर्धा वाडगा टेबलावर ठेवला. "सूप कालचं आहे, गरम केलेलं. पाव शिळाच."

"अगं, उष्टं काय देतेस त्यांना!" नवरा ओरडला.

पण मामांनी वाडगा ओढून घेतला होता. ते मान खाली घालून खात राहिले. पाव सूप पिऊन फुगला होता, तरी मोडला नव्हता. शेवटी त्यांनी पावाच्या तुकड्यानं वाडगा निपटून काढला.

"शिळा पाव टाकवत नाही, म्हणून तर लोक हे सूप करायला लागले," ते म्हणाले. "हे मी तुला शिकवलं नव्हतं? राहू दे तो शब्द. सूप अस्सल आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. हातातलं फडकं तसंच टपटपत होतं.

"करणारी अस्सल आहे का, ते मात्र अजून बघायचंय," मामा उठता उठता म्हणाले. "पुढच्या वेळी सांगून येणार नाही."

तेव्हापासून दार करकरलं, की ती आधी दाराकडे बघते आणि मग टोपलीतला पाव चाचपते, शिळा आहे ना म्हणून.