परस्पर दिलेलं उत्तर

मंडळी, दवाखान्यात डॉक्टर आपल्याकडे कमी आणि संगणकाकडे जास्त बघतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. मेढ्याच्या डॉ. उदयसिंहांचं तसंच झालं होतं. माणूस वाईट नव्हता. पण निदानाला मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता दवाखान्यात आली आणि डॉक्टरांचे हात रुग्णाला लागेनासे झाले. लक्षणं भरायची, यंत्र आजार सुचवणार, की चिठ्ठी तयार!

गवत कापणीच्या दिवसांत चंद्राबाई ताप घेऊन आल्या. सोबत त्यांचे मालक नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले.

"पाच दिस झालं, डोस्कं लय ठणकतंय," चंद्राबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी भराभर माहिती भरली. पडद्यावर यंत्रानं विचारलं, 'रुग्ण गवतात काम करतो का? अंगावर काळी खपली आहे का? तपासून सांगा.' बाहेर वीस माणसं खोळंबलेली. सिस्टरला बोलवायचं, बाईला आडोशाला न्यायचं, एवढा वेळ कुणाला? डॉक्टरांनी दोन्हीकडे 'नाही' दाबलं. यंत्रानंही मग साधा विषाणूजन्य ताप सांगितला.

तिसऱ्या दिवशी चंद्राबाईंना उचलूनच आणावं लागलं. धाप लागलेली, डोळे तांबारलेले.

"या मशीनच्या नादी लागलो आणि फसलो!" डॉक्टर कडाडले.

दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर शाहजादींनी पडद्यावरची आधीची नोंद वाचली आणि त्या चंद्राबाईंना आडोशाला घेऊन गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, कमरंवर काळी खपली हाय. निऱ्या खोचत्यात तितंच."

डॉक्टर चरकले. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा स्क्रब टायफस! त्यांनी लगेच औषध सुरू केलं आणि चंद्राबाईंना साताऱ्याला धाडलं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर शाहजादी हळूच म्हणाल्या, "मशीनला कशाला बोल लावताय? त्येनं नेमकं तेच इचारलं हुतं. 'न्हाई' कुणी सांगितलं?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षांची डॉक्टरकी, आणि न बघता उत्तर!

दहा-बारा दिवसांनी चंद्राबाई बऱ्या होऊन आल्या. नाथाजींनी भरल्या दवाखान्यात हात जोडले. "साहेब, मशीन चुकलं, पर तुमी वळखलंत. तुमच्यामुळं माणूस हाती लागलं."

गप्प बसणं किती सोपं होतं! पण ते जोडलेले हात डॉक्टरांना बघवेनात. ते खुर्चीतून उठले.

"नाथाजीराव, मशीन चुकलं नाही, मी चुकलो. त्यानं खपलीचं विचारलं होतं. मी न तपासताच 'नाही' म्हणून टाकलं."

नाथाजींचे हात खाली आले. बोलल्या त्या चंद्राबाई.

"आवं डॉक्टर, खपली मला ठावं हुती की! तुमी इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं व्हय?"

शरमेनं डॉक्टरांची मान खाली गेली. त्या दिवसापासून ते आधी रुग्णाला हात लावतात, त्याचं सगळं ऐकून घेतात आणि मगच संगणकाकडे वळतात. रांग लांबते, लोक कुरकुरतात, पण त्यांनी नेम मोडलेला नाही.

वाचकहो, यंत्राचा सल्ला जरूर घ्यावा, ते हुशार आहे. पण त्याला रुग्ण दिसतो तो डॉक्टरांच्याच डोळ्यांनी. ते डोळे मिटलेले असतील तर यंत्र तरी काय करणार? आणि तुमचे डॉक्टर कधी न बघताच लिहू लागले, तर 'साहेब, आधी मला तपासा,' असं म्हणायला अजिबात लाजू नका!