पोटात घातलेलं

लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेकॅनिकचा पाय मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि खड्ड्यातलं तेल, साचलेलं पाणी, घाण सगळं जखमेत गेलं होतं. पाय कापावा लागू नये म्हणून डॉक्टरांनी एकामागून एक जबर अँटिबायोटिक्स दिली. पाय वाचला. पण घरी आल्यावर पोट बिघडलं ते बिघडलंच.

"एवढी औषधं गेलीत पोटात, थोडं होणारच," असं म्हणून बायकोने आधी फारसं मनावर घेतलं नाही. मग जुलाब थांबेनात. तपासणीत आतड्यातला एक चिवट जंतू सापडला. त्यावरचं औषध चालू असेपर्यंत बरं वाटायचं, औषध संपलं की पुन्हा तेच. कुबड्या सावरत संडास गाठताना त्याची तारांबळ उडायची. एकदा नाही गाठता आला. बायकोने फरशी पुसून घेतली. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दार लावून घे."

मुळात माणूस बोलका. लिफ्टच्या छतावर उभा राहून, हाताला ग्रीस माखलेलं असताना, आत अडकलेल्या माणसांना तो विनोद सांगायचा. "घाबरू नका, वर जायची घाई मलाही नाही!" आत रडणारी माणसंसुद्धा हसायची. आता घरात जेवायला हाक मारली तरी उत्तर येत नसे. सर्दी झाली की छातीत उतरायची, ताप आला की हटायचा नाही. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसायला लागले. एके दुपारी तो म्हणाला, "मी असलो काय, नसलो काय, तुला काय फरक पडणार आहे?" चष्म्याच्या दुकानातल्या कामावर निघालेली बायको उंबऱ्यातच थबकली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला पोटाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरबाई मध्यमवयाच्या, सावकाश बोलणाऱ्या होत्या. "आतड्यात जंतूंची एक मोठी वस्ती असते," त्या म्हणाल्या. "त्यातले बहुतेक आपल्या बाजूचे. ते अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. तुमचा पाय वाचवताना ती वस्ती उजाड झाली. घर रिकामं दिसलं की कुणीही घुसतो, तसा हा घुसलाय. अपघाताआधी जेवणखाण कसं होतं?"

"कसलं जेवण? चहा, बिस्किटं, पाकिटातलं काहीबाही. लिफ्ट काही वेळ बघून अडकत नाही."

"म्हणजे वस्ती आधीच विरळ असणार. तुमची चूक म्हणून सांगत नाही. तुम्हाला सावरायला जड का जातंय, ते सांगतेय."

बायकोला राहवलं नाही. "डॉक्टर, यांना सारखा ताप येतो. आणि हे हसतच नाहीत हो. बोलतात ते असं बोलतात, की…"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या पहारेकऱ्यांपैकी बरेचसे आतड्याच्या भिंतीलगत असतात. शत्रू कोण, आपला कोण, हे त्यांना ही वस्तीच शिकवते. आणि आतड्याचं मेंदूशी सारखं बोलणं चालू असतं. यांची उदासी किती पोटातून आली, किती पायातून आणि सुटलेल्या कामातून, हे मी सांगू शकणार नाही. त्यासाठी मनाच्या डॉक्टरांनाही भेटा, मी चिठ्ठी देते. पण पोट इतकं आजारी असताना मन ठणठणीत राहील, अशी अपेक्षा कुणी धरू नये."

मग त्यांनी उपाय सांगितला. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, दुर्बिणीच्या नळीतून आतड्यात सोडायची. म्हणजे वस्ती पुन्हा बसते.

मेकॅनिक पहिल्यांदाच मान वर करून बघायला लागला. "म्हणजे दुसऱ्याची… माझ्या पोटात?"

"हो. ऐकायला कसंतरी वाटतं खरं. पण गुण येतो."

"माझी घ्या," बायको लगेच म्हणाली. पण तिने नुकतीच कानासाठी अँटिबायोटिक्स घेतली होती, त्यामुळे ती चालणार नव्हती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "नात्यात आणखी कुणी?"

"एक थोरले भाऊ आहेत यांचे," बायको म्हणाली.

"मला भाऊ नाही," मेकॅनिक म्हणाला.

भाऊ होता. त्याच शहरात, शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. दोघांचे वडील शेवटचे आजारी पडले तेव्हा मेकॅनिक परगावी कामावर होता. वडिलांना श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. थोरल्याने नको म्हणून सांगितलं. मेकॅनिक पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. जमलेल्या माणसांसमोर तो भावाला म्हणाला, "तू मारलंस त्यांना." थोरल्याने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. थोरल्याची बायको वारली तेव्हासुद्धा मेकॅनिक रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि तसाच परतला.

बायको नवऱ्याला न विचारता शाळेत गेली. थोरला रंधा मारत होता. तिला बघून त्याने हात थांबवला आणि एका स्टुलावरचा भुसा झटकून तिला बसायला दिलं. तिने सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली, कारण मागायला आलेली वस्तूच तशी होती.

त्याने हातातला लाकडाचा तुकडा फिरवला. "इतका वाळलाय?" त्याने विचारलं.

"ओळखू येणार नाहीत, भाऊजी."

"रक्त मागितलं असतंस तरी दिलं असतं. हे तर रोज फुकट जातंय."

ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. "तेव्हा ते तुम्हाला जे बोलले…"

"ते मी केव्हाच पोटात घातलं. त्याचे बाबा गेले होते ना! काहीतरी बोलणारच माणूस."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भडकला. "त्याचं काही नको मला! आणि ते तर नकोच नको!" पण ओरडायलाही अंगात जोर नव्हता. धाप लागून तो खाली बसला. बायको शेजारी बसली. "मला तुम्ही हवे आहात. मग ते कुणाचं का असेना." यावर तो काही बोलला नाही, आणि तिने तोच होकार धरला.

थोरल्याच्या तपासण्या झाल्या. माणूस काटक, घरामागच्या वाफ्यातली भाजी खाणारा, व्यसन कसलं नाही. डॉक्टरबाईंनी ठरलेले प्रश्न विचारले. शौचातून रक्त जातं का, यावर तो सहज म्हणाला, "कधीमधी. मूळव्याध असेल." त्या तिथेच थांबल्या आणि त्यांनी त्याची आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेतली.

त्यात गाठ निघाली. गाठ कर्करोगाची होती.

मेकॅनिकच्या बायकोला हे कळवायला थोरल्याने स्वतः फोन केला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच बघ," तो म्हणाला. "फार पसरलेली नाही म्हणतात. आतड्याचा तुकडा काढणार. पण त्याला माझा उपयोग नाही आता. तेवढं वाईट वाटतंय."

तिने फोन ठेवला. मेकॅनिक खिडकीपाशी बसला होता. ऐकून झाल्यावर त्याने कुबड्या शोधल्या, उठला आणि उगाच खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "मी आजारी पडलो नसतो," तो थांबून म्हणाला, "तर त्याला कळलंच नसतं."

"नसतं."

"मूळव्याध म्हणत बसला असता." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. कित्येक महिन्यांत तो रागावल्यावाचून असा काही बोलला नव्हता.

त्याच आठवड्यात थोरल्याची मुलगी दारात उभी राहिली. भांडण झालं तेव्हा ती नुकतीच शाळेत जायला लागली होती. आता कॉलेजात होती, पळण्याच्या शर्यतीत भाग घेत होती. काकाचं तोंडही तिला नीट आठवत नव्हतं. "काका," ती चपला काढत म्हणाली, "बाबांचं नाही चालत. माझं चालतं. सगळ्या तपासण्या करून आलेय."

"तुला कुणी सांगितलं यायला?"

"कुणी नाही. बाबा म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, यात विचार काय करायचा? सकाळचं काम सकाळी होतंच."

मेकॅनिक हसला. आधी फक्त ओठ हलले, मग खांदे. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, खोकला आला.

उपचार झाला. जुलाब थांबले ते पुन्हा सुरू झाले नाहीत. बायकोने कडधान्यं, पालेभाज्या, फळं, दही असं हळूहळू वाढवत नेलं, आणि तो कुरकुरत का होईना खायला लागला. "गवतच खातोय," असं म्हणायचा, पण ताट रिकामं करायचा. अंग भरायला वेळ लागला. उदासी एका दिवसात गेली नाही. मनाच्या डॉक्टरांकडे जाणं चालूच होतं. पण हाक मारली की आता उत्तर यायचं.

थोरल्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात गेला. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता बसले. पुतणी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

"दादा," शेवटी मेकॅनिक म्हणाला, "तेव्हा मी जे बोललो…"

"ते राहू दे. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय." थोरल्याने चादरीची सुरकुती सरळ केली. "उद्या काही बिनसलं, आणि यंत्रावर ठेवायचं का म्हणून विचारलं, तर पोरीला विचारू देऊ नकोस. ती लहान आहे. तू सांग."

"मी?"

"तूच. काय सांगायचं तेही सांगतो. बाबांनी मला जे सांगितलं होतं, तेच. नळ्यांत गुंतवून ठेवू नका."

मेकॅनिक त्याच्याकडे वळला. "बाबांनी तुला सांगितलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतास. आणि मग तू आलाच नाहीस."

मेकॅनिकने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले. "सांगीन," तो म्हणाला. "वेळ आली तर मी सांगीन."

वेळ आली नाही. ऑपरेशन नीट झालं, गाठ पूर्ण निघाली. पण त्यानंतरचे दिवस थोरल्याला जड गेले. अन्न बघितलं की तोंड फिरवायचा, पोरीवर खेकसायचा, कामाची अवजारं विकून टाका म्हणायचा. ती घाबरून काकाकडे आली. "बाबा असे कधीच नव्हते हो."

मेकॅनिक रोज त्याच्याकडे जाऊन बसायला लागला. काम नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं. लंगडत, जिने न चढता, तळमजल्यावरच्या बटणांच्या पॅनेलचं काम तो करायचा, आणि सुटला की थेट भावाकडे. समजावणं, धीर देणं त्याला जमत नसे. तो नुसता खुर्ची ओढून बसायचा आणि वाटीतलं पातळ सूप चमच्याने पुढे करायचा.

"नको म्हटलं ना!" थोरला एकदा ओरडला. "कशाला जगवताय मला?"

मेकॅनिकने चमचा तसाच धरून ठेवला. "मीही असंच म्हणायचो, दादा. मला वाटायचं, मी आता असाच झालोय. तसं नसतं. आतडं दुखावलं की ते माणसाला काहीही बोलायला लावतं. ते सगळं आपलं नसतं."

"तुला काय माहीत?"

"मलाच माहीत. तुझ्या पोरीला विचार."

थोरल्याने बराच वेळ त्या चमच्याकडे बघितलं. सूप निवलं होतं. पुतणी ते गरम करायला उठली, तर तो म्हणाला, "राहू दे, असंच चालेल," आणि तोंड उघडलं.