सत्त्याण्णव घागरी

"बोल गं मोहिने! गप्प बसू नको!"

कुसाबाई विहिरीच्या काठावर ओणवी झाली होती. चाळीस हात खाली, अंधारात, बॅटरीचा एक ठिपका हलत होता. तो ठिपका म्हणजे तिची सून.

"बोलतेय की, आत्या!" खालून आवाज आला. दगडांना घासत, खरचटत वर आला. "सगळं बोलून झालं. आता काय बोलू?"

"परत पयल्यापासून बोल."

सुरगाण्याच्या डोंगरातल्या त्या पाड्याला विहीर एकच. वैशाख चढला की तिचं पाणी तळच्या कपारीत जाऊन दडे. कपार इतकी चिंचोळी, की बाप्यांचे खांदे आत शिरत नसत. म्हणून गाळ उपसून झऱ्याचा डोळा मोकळा करायला बाईच उतरायची. बावीस उन्हाळे ती बाई म्हणजे कुसाबाई. कमरेला दोर, हातात खुरपं आणि तोंडात ओवी.

ओवी हौसेची नव्हती. खाली उतरलेलीनं सतत आवाज देत राहायचं, ही रीत होती. कुजक्या गाळात वाईट हवा कोंडलेली असते, ती कधी सुटेल याचा नेम नसतो. आवाज थांबला की वरच्यांनी विचारत बसायचं नाही, ओढायचं. कुसाबाई गायची:

*खडकाच्या पोटामंदी पाणी निजलं तान्हं बाळ,*
*हळूच जागं करा, बाई, त्याची तुटू नये नाळ.*

पण होळीच्या सुमारास ती बांधावरून पडली आणि उजवा खांदा कायमचा दुखरा झाला. लेक दत्तू द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेला. झरा गाळानं बुजला, चार दिवसांत घागरभर पाणी साठेना. मोहिनी म्हणाली, "मी उतरते." आणि 'उतर' म्हणाली ती कुसाबाईच. तो एक शब्द आता तिच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता.

मोहिनीला ओव्या येत नव्हत्या. ती आश्रमशाळेत दहावी झालेली. रोज संध्याकाळी चुलीपुढे ती लेकीकडून, राखीकडून, धडा घोकून घ्यायची. तोच धडा ती आता खालून बोलत होती.

"पृथ्वीवरचं सगळं पाणी शंभर घागरी धरलं, तर सत्त्याण्णव घागरी समुद्रात. खारट. राहिल्या तीन. त्यातल्या दोन बर्फाच्या, उंच डोंगरांवर आणि ध्रुवांवर. राहिली एक. ती बहुतेक जमिनीखाली. नदी, तळं, ढग, धुकं, दव, सगळं मिळून ओंजळभर."

"दोन घागरी बर्फ?" दोर धरून उभा असलेला सोमा हसला. तो कुसाबाईचा धाकटा दीर. "एक उतरव म्हणा इकडं. सरबत करू."

"त्या सत्त्याण्णव कुणी भरून ठेवल्यात रे?" वत्सलाबाई म्हणाली. रिकाम्या घागरींच्या रांगेत तिची पहिली होती, आणि जीभही पहिली. "ओंजळभरावर आपली बोळवण केली व्हय!"

बाया हसल्या. सोमाच्या मागे दोर धरलेला यादवही हसला. कुसाबाईला हसू येईना. बावीस वर्षं ती खाली होती. तिथं भीती वाटायची, पण ती आपल्या अंगात मावेल एवढीच. वर उभं राहणाऱ्याची भीती कशी असते, ते तिला आज कळत होतं. ती कुठंच मावत नव्हती. उतरण्याआधी कंदील सोडून पाहिला होता, तो तळापर्यंत नीट जळला होता. तरी ती काठावरून हलत नव्हती.

"बोल गं!"

"सत्त्याण्णव घागरी..." आवाज जरा जड झाला होता. खुरप्याचा खणखणाट मंदावला. "सत्त्याण्णव... समुद्रात. गोड."

"घ्या!" वत्सलाबाईनं टाळी दिली. "समुद्र गोड झाला! उचला गं घागरी!"

हशा उसळला. कुसाबाई मात्र ताडकन सरळ झाली. याच शब्दाला राखी रोज चुकायची, आणि याच शब्दाला मोहिनी तिच्या डोक्यावर टपली मारायची. गोड नाही गं, खारट! झोपेतसुद्धा मोहिनीचा हा शब्द चुकला नसता.

"ओढा!"

"अगं वयनी, बोलतेय की ती," सोमा म्हणाला. "गप झाली तर ओढायचं."

"ओढ म्हणते ना!"

दोर हलला, तसा खालून आवाज आला, लांबून, पेंगुळल्यासारखा. "आत्या... थांबा. पाणी लागलं. हाताला थंड... थंड लागतंय..."

"लागलं!" बाया काठाकडे धावल्या. वत्सलाबाईनं सोमाचं मनगट धरलं. "थांब रे बाबा! कुसे, येडी का तू? चार दिस झाले, पोरं कोरड्या तोंडाची हायत! घटकाभर दम धर!"

घटकाभर. कुसाबाईनं एकदा त्या रांगेकडे पाहिलं. मग तिनं दोर धरला, दुखऱ्या खांद्यासकट सगळं अंग मागे झोकलं, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की सोमानं आणि यादवनं काही न विचारता ओढायला सुरुवात केली.

खालचा आवाज थांबला. ठिपका गळून पडला आणि विझला.

मोहिनी वर आली ती मान टाकलेली. ओठ निळे. उजवी मूठ घट्ट मिटलेली, तिच्यातून काळा चिखल ओघळत होता. ओला. कुसाबाई तिला गालांवर मारत होती, हाका मारत होती, दत्तूचं नाव घेत होती, राखीचं नाव घेत होती. वत्सलाबाईनं आपल्या घागरीच्या बुडाशी राहिलेलं घोटभर पाणी मोहिनीच्या तोंडावर शिंपडलं. सगळं.

किती वेळ गेला कोण जाणे. मोहिनी खोकली, ओकली, मग तिनं डोळे उघडले.

"लागलं होतं, आत्या."

"लागू दे."

यादवनं कंदील पेटवून परत खाली सोडला. अर्ध्यावर ज्योत वाकडी झाली आणि गेली. वाईट हवा आता तिथपर्यंत चढली होती. पाणी तिथंच होतं, आणि आता तिथं कुणालाही जाता येणार नव्हतं.

नदीचा डोह डोंगर उतरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एकेक बाई उठली, चुंबळ डोक्यावर ठेवून निघाली. वत्सलाबाईनं आपली घागर उचलली. दोन पावलं गेली, परत फिरली, आणि कुसाबाईचीही उचलली. कुसाबाईच्या मुठी अजून दोरावर मिटलेल्या होत्या, उघडतच नव्हत्या.

मोहिनी तशीच, चिखलानं भरलेली, सरकत तिच्याजवळ आली, आणि सासूच्या हाताचं एकेक बोट दोरावरून सोडवू लागली.